कंदुरीत अर्धं राहिलेलं वाक्य

मी, दस्तगीर बाबालाल मुजावर, वय एकाहत्तर, धंदा शिलाई, राहणार निपाणी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली न येता आणि दुसरा चहा घेऊन हे लिहून ठेवतो.

१. घर व शिल्लक यांचे वाटे शरियतीप्रमाणे मुलगा जमीर व मुलगी बेनझीर यांना मिळतील. तिथे माझी लुडबुड नको. पुढचे सारे, मृत्युपत्राने देता येते त्या माझ्या हक्काच्या एक तृतीयांशातले.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री गुंडूस. बत्तीस वर्षे माझ्या दुकानात काजं-बटणं त्याने केली. कात्रीने कागद कापल्यास परत घ्यावी.

३. दर्ग्याचे मुजावर असलेल्या आमच्या आजोबांची हस्तलिखित वही थोरले बंधू मौलवी हुसेनसाब, राहणार बेळगाव, यांस. अकरा वर्षांपूर्वी उरुसाच्या कंदुरीत जेवताना मी त्या वहीतले म्हणून गेलो, "विलायत नबुव्वतीपेक्षा वरची," म्हणजे वलीचे संतपण नबीच्या पैगंबरीपेक्षा वरचे. पुढे मटणाचा घास आला.

भाई ताटावरून उठले. "वली नबीपेक्षा मोठा म्हणतोस व्हय रं? तुझ्या घरचं पाणी न्हाय पिणार मी!" घास गिळेपर्यंत ते बसस्टँडवर पोचले होते.

उरलेले वाक्य असे: प्रत्येक नबी वलीही असतो, त्याच्या विलायतीचे तोंड अल्लाहकडे, नबुव्वतीचे माणसांकडे. म्हणून त्या एकाच नबीत विलायत वरची. बाकी कितीही मोठा वली नबीच्या पायरीला पोचत नाही. वहीचे पान सत्तावीस.

उचगावचा माझा दोस्त अंबाजी तेव्हा शेजारीच जेवत होता. तो दरवर्षी म्हणतो, "जाऊन सांग की पुरतं, लेका!" पण आधी भाईंनी विचारावे म्हणून मी अडून बसलो. चूक माझीही आहे. मला त्यांची फार आठवण येते.

४. माझ्या जनाज्याची नमाज भाईंनीच पढवावी. दुसऱ्या कोणी पढवली तर मला करमणार नाही.

५. दुसऱ्या साक्षीदाराची जागा भाईंसाठी मोकळी ठेवून कागद अंबाजीच्या हाती बेळगावला पाठवतो आहे. त्यांची सही झाल्याशिवाय हे मृत्युपत्र पुरे नाही, आणि ते पुरे झाल्याशिवाय मरण्याचा माझा विचार नाही.

निपाणी, दि. १२ जानेवारी २०२५
सही: दस्तगीर बाबालाल मुजावर

साक्षीदार १: अंबाजी (उचगाव)

साक्षीदार २: हुसेनसाब बाबालाल मुजावर. निपाणीस, धाकट्याच्या घरी बसून, दि. १९ जानेवारी २०२५. पान सत्तावीस वाचले. पाणी प्यायलो. कलम चार मला मान्य नाही. मी थोरला आहे, आधी माझा नंबर.