दारातून वाचलेली स्लाइड

मंगळवार, संध्याकाळ

उद्या कागलच्या एका कारखान्यात कामगारांपुढं सुरक्षेवर बोलायचंय. स्लाइड तयार आहेत. एकेकीवर चारच ओळी, फॉन्ट साधा, जाड. कुठल्या क्लासला न जाता शिकलोय हे सगळं. तरी आज अडलो.

दरवेळी मी भिंतीवर स्लाइड पाडतो आणि सुमन चष्मा काढून स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्यानं वाचते. ती अडखळली की अक्षर वाढवायचं. पण लेकीच्या बाळंतपणाला ती पुण्यात गेलीय, दोन महिने झाले. आज त्या दारात मीच उभा राहिलो. सगळं वाचता आलं. येणारच की, मला पाठच आहे! मग कळणार कसं?

तिला फोटो पाठवला, तर तिचा फोन आला. "आवं, मोबाईलवर सगळंच दिसतंय की! शेजारच्या कुणाला तरी बोलवा."

"मी जाऊ विचारायला?"

"मग बसा भिंतीसंगं बोलत," म्हणून हसली. मागं बाळ रडायला लागलं, तिनं फोन ठेवला.

पुन्हा एकदा दारात जाऊन आलो. घर फार शांत आहे.

उद्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाच सांगणार, "पावणं, एवढी ओळ जरा वाचून दाखवा." अडखळला तर तिथंच, सगळ्यांदेखत, अक्षर वाढवीन.