गुळण्यांच्या खालची ओळ

बाबा,
पेणला दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावायला पुढे गेलेय. अकरापर्यंत या.

सोमवारी मी मोबाइलवर दाढदुखीचा उपाय शोधून तुम्हाला वाचून दाखवला, "मिठाच्या पाण्याने गुळण्या करा." तुम्ही लगेच "बघ, नेटला पण आपल्या मिठागराचं मीठ ठाव हाय!" म्हणत अख्ख्या आळीला सांगून आलात. तुमचा आनंद बघून मी खालची ओळ वाचलीच नाय: "गाल सुजला तर ताबडतोब डॉक्टरकडे जा." चूक माझी. आता तुमचा गाल तुमच्याआधी दाराबाहेर पडतो.

घाबरू नका. दाढ काढली तर दुसऱ्या दिवसापासून मिठाच्याच गुळण्या करायला सांगतात. या वेळी शेवटपर्यंत वाचलंय.

डॉक्टरांसाठी गोणीभर मीठ आणलंत तरी चालेल, पण या.

मृणाली