उलटतपासणी बंद

४ ऑगस्ट
लाइफ कोचिंगच्या कोर्सचा पहिला धडा. ऑनलाइन. पुण्याच्या मॅडम माझ्या मुलीहून लहान. म्हणाल्या, "ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, असाच प्रश्न कोचने विचारायचा." झालं! डहाणूच्या कोर्टात तीस वर्षं नेमकं उलटं करत आले. उत्तर माहीत नसेल तर साक्षीदाराला तो प्रश्न विचारायचाच नाही.
पण आता माघार नाही. दिवाळीनंतर वकिली बंद, माणसांना त्यांचा रस्ता शोधायला मदत करणार, असं बाररूममध्ये सगळ्यांसमोर बोलून बसलेय. पंख्याखालची माझी खुर्ची ज्युनियर स्नेहलला देणार, हेही. टाळ्या पडल्या. स्नेहलच्या जरा जास्तच जोरात वाटल्या.

९ ऑगस्ट
सरावाचं पहिलं सेशन. हंसाबेन, स्टेशनजवळचं साड्यांचं दुकान. गल्ल्याची चावी सुनेला द्यावी की नाही, ठरत नाही त्यांचं.
मी अगदी गोड आवाजात, "म्हणजे तुमचा सुनेवर विश्वास नाही, हे खरं ना? फक्त हो किंवा नाही सांगा."
हंसाबेन घामाघूम. "अरे बेन, मी काय चोरी केली?"
जाताना विचारून गेल्या, पुढच्या वेळी कोणाला साक्षीला आणायचं काय.

११ ऑगस्ट
मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं. मग, "ताई, तुम्ही समोरच्याला अडकवताय. प्रश्न विचारा आणि गप्प बसा."
गप्प! मी!
घरी ह्यांच्यावर सराव. "आज जेवायला काय असावं, असं तुम्हाला आतून वाटतं?"
"बोंबील."
"त्या बोंबलामागे काय आहे?"
"भूक."
मग मी गप्प बसले. हे थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, उठले आणि स्वतःच तळायला लागले. पद्धतीत दम आहे.

२० ऑगस्ट
तळासरीचे रघुदादा आले. जुने अशील. भावाशी बांधाचा वाद. म्हटलं, इथेही करून बघू. "दादा, तुमच्या मते काय व्हायला पाहिजे?" आणि गप्प.
दादा हलले नाहीत. मी हलले नाही. शेवटी टोपी घालून निघून गेले.
संध्याकाळी स्नेहल, नको तितक्या हळू आवाजात, "मॅडम, रघुदादा माझ्याकडे आले होते. म्हणाले, बाईला कायदा नाय आठवत आता. मीच सांगायचं तं बाईकडं कशाला जाऊ?"
जेवण गेलं नाही. फार लागलं.

२२ ऑगस्ट
कोर्टात साधी पुढची तारीख मागायची होती. स्नेहलच्या हातून फाइल ओढून घेतली आणि तारखेसाठी असा युक्तिवाद केला की साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तारीख दिली. केव्हाच दिली."
बाररूममध्ये येऊन खुर्चीत धपकन बसले. खाली काहीतरी मऊ. स्नेहलने आतापासूनच स्वतःची उशी आणून ठेवलीय! रागाने उशीवरच बसून राहिले. खरं सांगायचं तर कंबरेला बरं वाटलं.

३० ऑगस्ट
हंसाबेन दुसऱ्यांदा आल्या, हेच नवल. सोबत पिशवीभर चिकू. आज एकच प्रश्न, "चावी दिली तर काय होईल?" आणि जीभ दातांखाली.
त्या कमरेची चावी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "सून चांगली हाय. हिसाब माझ्यापेक्षा चोख. पण बेन, चावी दिली तर सकाळी उठून मी जाऊ कुठे?"
मी गप्प होते ते कोर्समध्ये शिकवलं म्हणून नाही.
त्यांनी डोळे पुसले आणि उलट मलाच, "तुम्ही कुठे जाणार, वकीलबाई? दिवाळीनंतर?"
"तळासरीला," म्हणाले. काहीही! हंसाबेन हसत सुटल्या. मग मीही.
हे सेशन मॅडमना पाठवलं नाही.

८ सप्टेंबर
हंसाबेननी आठवड्यातून दोन दिवस चावी सुनेला दिली. ते दोन्ही दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसतात आणि फोनवरून सुनेला भाव सांगतात.

१५ सप्टेंबर
रघुदादांची केस. स्नेहलने विचारलं, "मॅडम, तारीख घेऊ की आजच बोलू?" उत्तर तोंडावर आलं होतं. गिळलं. "तुला काय वाटतं?"
ती बोलली. दोन ठिकाणी मी बाकावरून अर्धी उठले, पदर धरून खाली बसले. तिसऱ्या मुद्द्याला असं काही म्हणाली, जे मला सुचलं नसतं. अभिमान वाटला. पोटातही दुखलं.
बाररूममध्ये खुर्चीपाशी दोघी. "मॅडम, बसा." "तू बस." चहा उभ्यानेच प्यायलो. खुर्चीवर नुसती उशी.
रात्री हंसाबेनचा फोन. "खुर्ची आपी दीधी? दिली स्नेहलला?"
"पुढची तारीख पडली."
त्या खोकला येईपर्यंत हसल्या. मग, "कधीची?"
या प्रश्नाचं उत्तर मला खरंच माहीत नव्हतं.