भिवारावांच्या घरचा एक कप

टेंभुर्णी. शुक्रवार, ४ जानेवारी १९७४
शाळा सुटल्यावर कौसल्याबाईंना सांगून टाकलं. मी जात मानत नाही. तुमच्या वडिलांना भेटायचं आहे. लग्नाबद्दल. सगळं एका दमात.

त्या चौथीच्या वह्या तपासत होत्या. तीन वह्या तपासून झाल्यावर म्हणाल्या, सर, तुम्हाला इथं येऊन तीन वर्षं झाली, शाळेच्या माठातलं पाणी कधी प्यालात? मी घरून आणलेल्या माझ्या फिरकीच्या तांब्याकडे पाहिलं. घसा नाजूक आहे, हे त्यांना माहीत नसावं.

नदीकाठी भिवा कातडी कमावतात, रंगवतात. त्यांची पोरगी बाईंच्या वर्गात आहे. बाई म्हणाल्या, भाषण नको, भिवाकाकांच्या घरी एक कप चहा पिऊन या, मंग आमच्या बाबांशी बोला.

एक कप चहा! मोठ्यानं हसलो. रविवारी काम फत्ते.

संकल्प: भिवा नाही, भिवाराव म्हणायचं. समता शब्दापासून सुरू होते.

रविवार, ६ जानेवारी
चहा प्यायला आलो, असं कसं म्हणणार? टुरिस्ट म्हणून गेलो. ड्रॉइंगच्या सरांचा कॅमेरा, रोल नसलेला. वही. पांढरा टेरिलीनचा शर्ट. नाकाला रुमाल लावला नाही. रुमाल हातात होता आणि हात नाकापाशी होता.

भिवाराव म्हणाले, इथं काय पाह्यला आले सर? वेरूळला जायचं, तिथं तिकीटबी हाय.

तरी सगळं दाखवलं. चुन्याच्या हौदात कातड्याचे केस सुटतात. मग कातडं शिवून त्याची पिशवी करतात, तीत बाभळीच्या सालीचं पाणी भरतात आणि तिवईला टांगतात. पाणी थेंब थेंब झिरपत राहतं. दृश्य भव्य. फोटोच्या कोनासाठी एका पिशवीखाली उभा राहिलो. भिवाराव ओरडले. उशिरा ओरडले.

ओल्या शर्टानं कुणाच्या घरात बसणं असभ्य. चहाआधीच निघालो. घरी येऊन दोनदा आंघोळ. थंडीसाठी.

सोमवार, ७ जानेवारी
कान तपकिरी. साबणाला दाद देत नाही. कौसल्याबाईंनी कानाकडे पाहिलं आणि फळा पुसायला वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. भावनाप्रधान आहेत.

रविवार, १३ जानेवारी
आज रंगाचं काम पाहिलं. लाखेचा लाल रंग चिंधीनं कातड्यावर चोळतात. बोट बुडवून पाहिलं. टुरिस्टानं अलिप्त राहू नये.

भिवारावांच्या पत्नी चतुराबाईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मी म्हणालो, आज उपास आहे. रविवारचा? सूर्याचा. त्या म्हणाल्या, मंग चहा चालतो की सर! आमची सासू तर उपासाला नुसत्या चहावरच राह्यची. मी म्हणालो, माझा कडक असतो. पाणीबी न्हाई? पाणीही नाही.

परतताना स्टँडवर भजी. दोन प्लेट. शेजारच्या बाकावर चतुराबाईंचा दीर बसला होता, हे कसं कळणार? त्यानं नमस्कार करून विचारलं, सूर्य बुडाला का सर?

शुक्रवार, १८ जानेवारी
कौसल्याबाई म्हणाल्या, सोमवारी बाबा धावड्याला चालले, तिथल्या एका मास्तरांचं स्थळ आलंय. रविवारपर्यंत काय ते बघा.

रविवारपर्यंत म्हणजे भरपूर वेळ.

रविवार, २० जानेवारी, सकाळी ९
आज पिणारच. प्लॅन: श्वास रोखायचा, डोळे मिटायचे, एका दमात संपवायचा. यात जातीचा संबंध नाही. एरंडेल मी असंच घेतो.

दुपारी २
प्यालो!

अंगणात खाटेवर बसलो. भिवाराव शेजारी उभे राहून एका मगातून घोट घेत होते आणि थुंकत होते. साल पाण्यात बराबर उतरली का, ते जिभेलाच कळतं, म्हणाले. नंतर तो मग माझ्याजवळ फळीवर ठेवून ते पिशव्यांकडे गेले. चतुराबाईंनी चहा आणला. मी डोळे मिटले. हात पुढे केला. हाताला लागलं ते शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं आणि म्हणालो, वा, काय चहा!

जरा तुरट होता. थंडही. त्यांची पद्धत असावी.

दोघांना एवढा आनंद झाला की काय सांगू! चतुराबाई तोंडात पदर कोंबून खालीच बसल्या. भिवाराव तिवईला धरून हसले, पिशव्या डुलायला लागल्या. मीही हसणार होतो, पण जीभ टाळूला चिकटली होती. चतुराबाईंनी डोळे पुसत आणखी एक कप पुढे केला. दुधाचा, वर साय. हातानंच नको म्हटलं. एकच कप ठरला होता.

संध्याकाळी ६
ओठ अजून आवळलेले. कौसल्याबाईंच्या बाबांसमोर करायच्या भाषणाची तालीम. आतून अगदी स्पष्ट ऐकू येतं.

सोमवार, २१ जानेवारी
चतुराबाई कालच कौसल्याबाईंकडे जाऊन आल्या. मगात सालीचं पाणी होतं म्हणे. सांगताना बाईंना हसू आवरेना. दोनदा खुर्चीचा आधार घेतला. मीही हसलो. म्हणालो, म्हणजे चहापेक्षा मोठा पुरावा झाला!

त्यांचं हसू थांबलं. म्हणाल्या, कातड्याचं पाणी प्यालात, सर. माणसांसाठी केलेला चहा समोर धरला, त्याला नको म्हणालात.

बाबा साडेदहाच्या गाडीनं धावड्याला गेले.

मंगळवार, २२ जानेवारी
चहा सोडला. तत्त्व म्हणून.

मधल्या सुट्टीत माठापर्यंत गेलो. रांग होती.