तळ्याकाठी राहिलेली वाकळ

माय, दादा आता बाहेरदेशात डॉक्टरकी शिकून राहिलाय. तू गेलीस तवा मी आठ वर्सांची होते, आता सतरा. शाळा नववीतच सोडली. अप्पांना अन् दादाला भाकरी कोण टाकणार म्हणून सोडली, कुणी बळजबरी केली न्हाई. दादा जायच्या आधी मी त्याच्यासाठी वाकळ शिवली. तिकडं लई थंडी, म्हणून जाड पाहिजे होती. पेटीतली तुझी सगळी लुगडी काढून थरावर थर घातले. एक मी उशाखाली घेऊन झोपायचे, ते पण शेवटी त्यातच गेलं. वरच्या अंगाला तुझं हिरवं इरकली लावलं, दादानं बघताच वळखावं म्हणून. तोंडानं मात्र सांगितलं न्हाई. चाकूरहून गाडीत बसताना तो म्हणला, एवढं वझं कशाला? मी म्हणले, असू दे.

नांदेडला घाटावर तू मला रागावली होतीस, आठवतं का? मला तहान लागलेली अन् मी दिवसभर मुकी. "तोंड उघडत जा गं. मी काय तुझ्या पोटात बसलेय?" म्हणलीस, अन् मग ओंजळीनं पाणी पाजलंस.

मागच्या रविवारी दादा पोरांसंगं एका मोठ्या तळ्याला फिरायला गेला, सकाळी जाऊन सांजच्याला परत. तिथून व्हिडिओ कॉल लावला. मी परातीत पीठ मळतेय, फोन डब्याला टेकवलेला. चहूकडं बर्फाचे डोंगर, निळं पाणी, अन् काठावरच्या गोट्यांवर अंथरलेली वाकळ. नांदेडकडचा एक पोरगा अर्धापूरच्या केळीचे वेफर वाटतोय. तो दादाला विचारतो, तुझी बहीण बोलत न्हाई का रे? दादा म्हणतो, ती फक्त भाकरीशी बोलते. सगळे हसले, मी पण हसले. मला वाटलं, माय फिरायला गेली. तू तर कधी नांदेडच्या पुढं गेली न्हाईस.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणले, वाकळ ओली झाली असंल, वाळू घाल.

"कोणती? ती जुनी व्हय? ऱ्हायली बघ तिथंच. बस सुटत होती. हॉस्टेलात हीटर हाय गं."

मी म्हणले, बरं.

अजून त्याला सांगितलं न्हाई. सांगितलं तर तो तिकडं एकटा रडत बसंल. न्हाई सांगितलं तर त्यानं तुला वळखलंच न्हाई, हे मी एकलीनंच धरून बसायचं. अप्पा रोज विचारतात, वाकळ पुरती का त्याला? मी हाव म्हणते.

हा कागद कुठं धाडू? पिठाच्या डब्यामागं ठेवते. एक सांगते, रागावू नको. त्या उशाखालच्या लुगड्याला शिवतानाच तुझा वास राहिला नव्हता. माझाच येत होता.