जुन्या शहरातला रेडिएटर

अमरावती, १९३८

चि. प्रमोदिनीस,

तू परजातीत लग्न केलंस, तरी मरण्याआधी बाबांना तुला भेटायचं होतं. लुळ्या पायांनी रेल्वेत चढवेना, म्हणून आपल्या जुन्या मोटारीनं अकोल्याला तुझ्याकडे यायचं त्यांनी ठरवलं. पण तिचा रेडिएटर फुटलेला. नबी मिस्त्रीनं तिथल्या जुन्या शहरातून तसाच दुसरा शोधून आणला.

मी दारातच म्हटलं, "मिळाला नाही म्हणून सांगा."

"काहून बाई? वकीलसाहेब वाट पाहून राह्यले ना!"

मी त्याला तो परत न्यायला लावला.

नऊ वर्षं बाबांना मी भरवलं, आणि जाताना ते तुलाच हाका मारत होते.

त्यांनी तुला क्षमा केली नाही, असं मी तुला कळवलंय. हे पत्र धाडणार नाही. तू तेच खरं मान.

तुझी ताई,
गोदावरी