पाचटाचा धूर

रहिमतपूर, ८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी इस्लामपुरात शेतकऱ्यांच्या सभेत मी तासभर कडाडले, ऊसतोडीनंतरचं पाचट जाळू नका, रानातच कुजू द्या. संध्याकाळी माहेरी आले, तर धाकट्या भावानं आमच्याच रानातलं पाचट पेटवलेलं. बांधावर पोचले आणि तो वास... लहानपणी आबा याच गरम राखेत रताळी पुरायचे. फुंकर मारत खायचो आम्ही. राग का आला नाही मला?

"आक्का, सुरू कर की भाषण! गप का गं?"

मी तो वास छातीभर घेत होते.

"खालच्या रानातलं बी पेटवू का?" त्याच्या हातात काडेपेटी तयार.

किती वेळ लागला मला! मग म्हणाले, "नको रं. कुजू दे."

त्यानं निमूट काडेपेटी खिशात घातली. वाईट मलाच वाटलं.